उंबऱ्यासकट खोली

हे लिहायचंच नाही असं इंद्रजितने ठरवलं होतं. लोक म्हणतील, पोरगं मैत्रिणीचं कौतुक सांगत सुटलंय. पण राहवेना.

त्याच्या आईला दिसत नाही. मिरजेचं घर सोडून ऑपरेशनला पुण्याला यायला ती तयारच नव्हती. "परक्या खोलीत चाचपडत बसू? नको रे बाबा."

मग त्याच्या मैत्रिणीने, वसईच्या ग्लोरियाने, मिरजेच्या घराचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल हॉस्पिटलच्या मॉडेलला जोडलं आणि तिथल्या सरकत्या भिंतींनी आईची खोली जशीच्या तशी उभी केली. फक्त स्क्रीनवर उंबरा लाल झाला. स्ट्रेचर अडतं म्हणून हॉस्पिटलचं मॉडेल तो पुसायला निघालं.

"पुसू दे की," इंद्रजित म्हणाला.

"वेड्या, मावशी सवयीने पाय उचलणार, आणि खाली काहीच नाही. पडतील ना!" ग्लोरियाने खोलीच्या माहितीत भर घातली. स्ट्रेचर आलं की उंबरा जमिनीत जाईल, मावशी आल्या की वर येईल.

आपलीच खोली तिथे आहे म्हटल्यावर आई पुण्याला आली. दारात तिने पाय उचलला, उंबरा ओलांडला आणि सरळ खिडकीपाशी जाऊन बसली. "डॉक्टरांना सांग, मी तयार आहे."

इंद्रजित ग्लोरियाकडे वळला. "ग्लोरिया, तुला कधी घर सोडून जावं लागलं ना, तर तुझी खोली मी नेईन. भिंतीतला एक खिळाही मागे ठेवणार नाही."