कुरकुर

"घर्षण कमी केलं की आवाजही जातो," बाई सातवीच्या वर्गात सांगत होत्या आणि सांगता सांगता त्यांच्याच मनात शंकेची पाल चुकचुकली. घरचं दार कितीतरी वर्षं कुरकुरत होतं. दहादा सांगूनही ढिम्म न हलणाऱ्या नवऱ्याने काल कुणी न सांगता त्याच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, "चोरपावलांनी कुठे जायचं ठरलंय?"

नवऱ्याने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तू शाळेत असतेस, तुला माहीत नाही. दादा गेल्यापासून दार कुरकुरलं की आई उठून बसते. म्हणते, थोरला आला, पान वाढा."