पाणी जपून घाला

जबाबदारीनं माणूस मुळापासून बदलतो, अशी आठल्यांची श्रद्धा होती. श्रद्धेचं वय बावीस दिवस. ‘तुमच्या हातून एक झाड जगलं, तर परत येईन,’ असं सांगून बायको भावाकडे निघून गेली, तेव्हापासूनची. निघताना तिनं बजावलं होतं, ‘मनीप्लांटला पाणी जपून घाला.’

आठल्यांनी जिवापाड जपलं. तरी वेल पिवळी पडली. घाबरून त्यांनी फोन लावला.

‘रोज दोन तांबे घालतोय. थेंबही बाहेर सांडत नाही!’

‘अहो, जपून म्हणजे बेतानं!’ बायको म्हणाली. ‘सत्तावीस वर्षांत माझं एवढं मनावर घेतलं असतंत तर...’ तिचा आवाज ओलावला. ‘मुळं धड आहेत का बघा. असतील तर रविवारी येते.’

आठल्यांनी वेल हलकेच ओढली. मुळं कुजली होती.