दोन डब्यांतली तारीख

"आलेली चिठ्ठी बदलून मिळणार नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी दोन्ही डबे टेबलावर आपटले.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी त्यांचा लेखनवर्ग भरत असे. सहा जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे. चार आठवड्यांत एकानंही धड पान भरलं नव्हतं, म्हणून मास्तरांनी ही नवी युक्ती काढली होती. एका डब्यात महिन्यांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात एक ते एकतीस आकडे. दोन्हींतून एकेक उचलायची आणि त्या तारखेला आपल्या आयुष्यात जे घडलं ते लिहायचं.

"तारीख म्हणजे खुंटी. तिच्यावर आठवण टांगायची. पण खरीच हं. बत्तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात मी. मला लगेच कळतं."

स्वतः मात्र त्यांनी डब्यात हात घातला नाही. न जाणो, बारा ऑगस्ट निघाली असती तर? त्या दिवशी त्यांनी मुलाला 'पुन्हा या घराची पायरी चढू नकोस' असं सुनावलं होतं. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून पोरानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, हा त्याचा गुन्हा. दुकान दोनच गल्ल्या पलीकडे होतं. चार वर्षं मास्तर भाजीला लांबच्या रस्त्यानं जात होते. पाय दुखत, पण ताठा सुटत नव्हता. मुलगा त्यांना हवाच होता. फक्त आधी त्यानं यावं, एवढ्यावर सगळं अडलं होतं.

शिंप्याला नऊ मार्च आली आणि त्यानं कपाळाला हात लावला. त्याच तारखेला त्यानं म्हणे एका नवरदेवाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. वर्ग पोट धरून हसला.

मग रजिस्टरबाईंची पाळी आली. जन्ममृत्यूच्या कचेरीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं नोंदी केल्या, म्हणून हे नाव. एके दिवशी मृत्यूची एक नोंद लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि दोन वर्षं उरलेली असताना नोकरी सोडली. हात दुखतो, एवढंच सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी अकरा वर्षांपूर्वी भांडून घराबाहेर पडली, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं विचारायची कोणाची छाती नव्हती.

बाईंच्या एका हाती एकतीस आला, दुसऱ्या हाती नोव्हेंबर. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"हीच घ्यायची, मास्तर?"

"हीच."

"आणि वर्ष?"

"तुमच्या मनातलं."

"मग अडचण नाही," बाई म्हणाल्या आणि चार आठवड्यांत पहिल्यांदाच हसल्या.

पुढच्या गुरुवारी त्यांनी वाचायला घेतलं. आवाज नोंदी वाचून दाखवाव्या तसा, सपाट.

त्या दिवशी दुपारी आई बाजारातून परतली, तर मुलगी दारात. केस आखूड केलेले. 'चावी अजून कुंडीखालीच ठेवतेस का गं?' असं विचारत तिनंच कुलूप काढलं. आई मटार सोलायला बसली, तशी तीही बसली. कोणी माफी मागितली नाही, कोणी मागायला लावली नाही. सोललेले दाणे ती लहानपणीसारखी तोंडात टाकत होती. आईनं हातावर चापट मारली. 'अजून मारतेस?' ती म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. संध्याकाळ झाली. दिवा लावला. ती गेली नाही.

बाईंनी कागदाची घडी घातली. शिंपी उघडपणे डोळे पुसत होता. मास्तरांच्या अंगावर काटा आला होता. अकरा वर्षांचा अबोला मटाराच्या चार दाण्यांनी सुटतो! एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा दुपारीत मावते! आयुष्यभर त्यांनी पोरांना निबंध शिकवले, पण एखाद्या निबंधापुढे हात जोडावेसे वाटले ते आजच.

वर्ग सुटल्यावर ते जिन्यात थांबले. "बाई, मुलगी आता इथेच असते का?"

"जेवढं आहे तेवढं कागदावर आहे, मास्तर." बाई दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या. "तुमचा मुलगा दोनच गल्ल्या पलीकडे असतो ना?"

मास्तरांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यांनी अडगळीतून जुनी सायकल काढली आणि जवळच्या रस्त्यानं निघाले.

मुलानं वर पाहिलं. हातातला पाना तसाच राहिला.

"चाकात हवा नाही, बाबा."

"दिसतंय मला."

"मग चालवत कशाला आणलीत?"

"चालवत कुठे? ढकलत आणली. दोन गल्ल्यांना चार वर्षं लागली."

मुलगा हसायला गेला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. काळ्या हातांनीच त्यानं बापाला मिठी मारली. मास्तरांचा पांढरा सदरा बाद झाला आणि तो धुवायचा नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

रविवारी मुलगा घरी आला. पायरी चढताना थबकला, तेव्हा मास्तर स्वतः उंबऱ्यापर्यंत गेले. चहा झाला. मग मास्तरांनी वर्गाचे लेख काढले. नव्या कॅलेंडरवर ज्याच्या त्याच्या तारखेला ते टाचायचे आणि कॅलेंडर वाचनालयात लावायचं, असा त्यांचा बेत होता.

"पहिला मान रजिस्टरबाईंचा," ते टाचण्यांची डबी पुढे करत म्हणाले. "हा लेख नसता तर तू आज इथे नसतास. अक्षर न् अक्षर खरं आहे बघ. एकतीस नोव्हेंबर."

मुलानं कॅलेंडरचं पान उलटलं. पुढचं उलटलं, पुन्हा मागे आला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून थांबला.

"बाबा," तो म्हणाला, "नोव्हेंबर तिसालाच संपतो."