होखहाइमचा शिक्का

जर्मनीतल्या माइन्झच्या धक्क्यावर इंग्रज व्यापारी क्लेमेन्सच्या पिपातली वाइन चाखत होता, तेवढ्यात म्हातारा फाल्टिन गर्दीतून घुसला. पिपावर डागलेला होखहाइम गावाचा शिक्का त्यानं अंगठ्यानं चोळला. अंगठा काळा झाला.

"कालच डागलास ना रे? मळा तुझा नदीपल्याड, आणि नाव आमच्या गावाचं लावतोस?"

"काका, हळू बोला. हात जोडतो."

"का म्हणून हळू? चार पिढ्या जपलंय आम्ही हे नाव. परक्या मळ्याचा थेंब मिसळू दिला नाही!" फाल्टिन व्यापाऱ्याकडे वळला. "साहेब, हा चोर आहे. तिकडे इंग्लंडात तुम्ही ज्या वाइनला हॉक म्हणता ना, तिचं नाव आमच्या होखहाइमवरून पडलंय."

क्लेमेन्सनं मान खाली घातली. हमालसुद्धा जागच्या जागी थबकले.

व्यापाऱ्यानं पेला रिता केला आणि क्लेमेन्सचं पीप बोटीवर चढवायची खूण केली.

"आजोबा, आमच्याकडे ऱ्हाइनकाठची कुठलीही वाइन हॉकच," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. मग त्यालाच कुतूहल वाटलं. "पण काय हो, त्या नावाचं खरंच एखादं गाव आहे?"