वेन्झलचा वजीर

तरुणपणी व्हिएन्नाच्या कॅफेत वेन्झलने मला जेमतेम सतरा खेळ्यांत मात दिली, तीही स्वतःचा वजीर बळी देऊन. पुढे केलेला बळी नाकारणारा तेव्हा भित्रा ठरायचा. मी वजीर खाल्ला आणि हरलो. तो डाव छापून आला, पार पॅरिसपर्यंत वाखाणला गेला.

आता वेन्झल धर्मादाय दवाखान्यात असतो. बायकोचं नावसुद्धा आठवत नाही त्याला, पण तो डाव आठवतो. दर रविवारी मी पट मांडतो. तो वजीर पुढे सरकवून म्हणतो, "खा रे नेपोमुक, घाबरतोस काय?" मी खातो, हरतो, आणि खाटांवरचे म्हातारे टाळ्या वाजवतात.

आज त्याने वजिराला हात लावला आणि तसाच थांबला. खेळी माझ्या अगदी ओठांवर आली होती; पण सांगून दिला तो बळी कसला?

"पुढे ठेवला तर तू खाशील की," तो म्हणाला आणि वजीर मागे घेऊन खुदकन हसला. "फसलास ना?"

"फसलो," मी म्हणालो, आणि आता हरायचं कसं ते पटावर शोधत बसलो.