सासूबाईंची डिस्क

"इथं दाबून धर," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉपच्या पाठीतला शेवटचा स्क्रू फिरवला.

सुनेनं दाबून धरलं. झाकण खटकन उघडलं. सासूबाईंनी आतली धूळ फुंकरीनं उडवली, पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडी मोठी हार्ड डिस्क हलक्या हातानं सरकवून बाहेर काढली आणि बाजारातून आणलेल्या काळ्या डबीत बसवली. डबीला वायर जोडली, वायर आपल्या कॉम्प्युटरला. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात गेलेली. हे असलं काम म्हणजे त्यांच्या हातचा मळ होता.

लॅपटॉप त्यांच्या मुलाचा. मुलगा अपघातात गेला, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून लॅपटॉप कपाटात, त्याच्याच शर्टात गुंडाळून ठेवलेला होता. तो आता चालूही होत नव्हता. पण सासूबाई कधी काही टाकत नसत. त्यांच्या घरात कान मोडलेल्या कपालाही पेन्शन मिळायची.

"लॅपटॉप गेला, पण डिस्क ठणठणीत आहे," त्या खूश होऊन म्हणाल्या. "उद्या निघताना ही तुला. बाहेरून जोडायची, की झालं. आधी सगळं इकडे माझ्याकडे उतरवून घेते, मग पुढचं बघते."

"बरं," सून म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

उद्या तिचं लग्न होतं. थाटमाट काही नाही, नोंदणी कार्यालयात दोन सह्या. होणारा नवरा तिच्याच ऑफिसात नकाशे काढायचा. त्यानं विचारल्यावर ती कितीतरी दिवस नुसतं 'बघू' म्हणत होती. शेवटी सासूबाईंनीच त्याला चहाला बोलावलं, उलटसुलट प्रश्न विचारून त्याला घाम फोडला, आणि तो जिना उतरायच्या आत सुनेला सांगून टाकलं, "माणूस बरा आहे. आता तू उगाच ताणू नकोस."

तिनं ताणलं नाही. बॅग भरली. आणि आता त्या बॅगेत ही डिस्क जाणार होती.

डिस्कमध्ये काय आहे ते तिला पाठ होतं. पहिला नवरा तिला सायकल शिकवत होता त्याचे व्हिडिओ. सूर नसलेल्या माणसानं दाढी करताना म्हटलेली गाणी. एक फसलेला फोटो, ज्यात तिचा नुसता कोपर आला होता आणि जो त्यानं हट्टानं जपून ठेवला होता. हे सगळं तिला फार प्रिय होतं आणि म्हणूनच तिला त्याची भीती वाटत होती. नव्या घरात हे कुठं ठेवायचं? साड्यांच्या खाली? यात काय आहे, असं नवऱ्यानं सहज विचारलं तर? आणि नको म्हणावं, तर एका आईनं विश्वासानं हातात दिलेला मुलगा परत केल्यासारखं. मोकळ्या मनानं या घरातून निघायचं, एवढंच तिला हवं होतं. तेच आता जमेलसं दिसत नव्हतं.

दुपारी ती खोलीत डोकावली. पडद्यावर हिरवी पट्टी अगदी सावकाश सरकत होती.

"अजून किती वेळ, आई?"

"लागेल. थोडंथोडकं आहे का?" सासूबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "या पडद्याकडे बघून नुसते चुरचुरतात."

डोळे लाल झाले होते. ते पडद्यामुळे नाहीत, हे कळायला सून काही लहान नव्हती. या बाईला एकटीला टाकून आपण दुसरा संसार मांडायला निघालोय, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. बाहेर येऊन तिनं फोन उचलला आणि लिहिलं, "उद्याचं थोडं पुढे ढकलूया का?" पाठवायला मात्र बोट धजेना.

"अगं, ये इकडे!" आतून हाक आली. "तुझ्या लॅपटॉपला लावून बघ. मागून तक्रार चालणार नाही."

फोन टेबलावर ठेवून तिनं डिस्क जोडली. उघडली. पडदा पांढरा. तिनं वायर काढून पुन्हा लावली. पुन्हा पांढरा. एक फोटो नाही, एक गाणं नाही.

"आई! यात काहीच नाही! सगळं पुसलं गेलं!" सकाळपासून ज्याचं ओझं वाटत होतं, त्याच्यासाठी आता तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"गेलं नाही, मी पुसलं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "दुपारभर तेच तर करत होते. यात आता तुम्ही दोघं तुमचं भरा. जागा भरपूर आहे."

"आणि त्याचं सगळं?"

"माझ्याकडे. एक फोटो इकडचा तिकडे झालेला नाही. तुझा तो कोपरसुद्धा आहे."

सुनेला रडू कोसळलं. सासूबाईंनी तिला पोटभर रडू दिलं. मग त्यांची नजर टेबलावर उघड्या पडलेल्या फोनवर गेली. त्यांनी तो उचलला, चष्मा लावून वाचला आणि तिच्यासमोर धरला.

"हे तेवढं तुझ्या हातानं पूस."

तिनं पुसलं. नाक ओढत विचारलं, "आणि मला त्याला बघावंसं वाटलं तर?"

"मग यायचं," सासूबाई डिस्क तिच्या बॅगेत ठेवत म्हणाल्या. "माहेरी यायला काय निमित्त लागतं?"