सातवी फळी

सहा फळ्या आल्या, सातवी आली नाही.

गल्लीच्या तोंडाशी समुद्राची भिंत आहे आणि त्या भिंतीत खाली वाळूवर उतरायला एक खिंड. खवळत्या समुद्राचा मोसम आला की खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत एकावर एक सात फळ्या बसवायच्या, मोसम सरला की काढायच्या. एकेक फळी एकेका घरी सांभाळायला दिलेली, म्हणजे कोणा एकालाच सगळ्या विकून खाता येऊ नयेत. गेल्या साली फळ्या लावायला एक दिवस उशीर झाला, तर बेकरीवाल्याच्या भट्टीत खेकडा निघाला. जिवंत, आणि चिडलेला.

यंदा नगरपालिकेने गाडीवर भोंगा लावून सांगितलं होतं: तपासणीच्या दिवशी जी खिंड पुरती बंद दिसणार नाही, तिथे सिमेंट ओतून भिंत कायमची जोडून टाकू. मग वाळूवर जायचं तर अख्ख्या बाजारातून वळसा. तपासणी आजच दुपारी होती.

सातवी, सगळ्यात वरची फळी, शिंपीणकाकूंकडे होती.

"वाळवीने खाल्ली," मशीनवरून मान वर न करता काकू म्हणाल्या.

"अख्खी?" दारात उभ्या गॅरेजवाल्याने विचारलं.

"अख्खी."

"सागवान होतं ते, काकू. परवा इथेच भिंतीला टेकवलेलं बघितलंय मी."

"वाळवीकडे पाहुणे आले होते."

आतल्या खोलीतून खोकला आला आणि खोकल्यामागून आवाज. "अगं, त्याला आत पाठव."

सुतारकाका खिडकीशी पलंगावर पडून होते. सातही फळ्या त्यांच्याच हातच्या. आता पलंगावरून उठणं त्यांचं संपलं होतं, तोंड मात्र चालू होतं.

"सातवी शोधतोयस ना? मी झोपलोय तिच्यावर. रात्री मला कुशीवर करून हिने गादीखाली सारली, वर म्हणते डॉक्टरांनी कडक बिछाना सांगितलाय. अरे, रंधा मी मारलाय तिच्यावर. माझी पाठ ओळखते तिला."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात टेप तशीच.

"ने ती," काका म्हणाले. "समुद्र काय मी कमी बघितलाय?"

गॅरेजवाला गुडघ्यांवर बसला आणि त्याने गादीखाली हात घातला. तसं त्याचं डोकं उशीच्या बरोबरीला आलं. तिथून खिडकी दिसत होती, खिडकीतून खिंड, खिंडीत सहा फळ्या आणि सहावीच्या वर उघडी राहिलेली हातभर पट्टी. त्या पट्टीत समुद्र होता. एका टोकाने एक होडी आत आली, सावकाश चालत चालत दुसऱ्या टोकाने निघून गेली. गॅरेजवाल्याने हात तसाच बाहेर काढला, रिकामा.

बाहेरच्या खोलीत येऊन तो हळू आवाजात म्हणाला, "काकू, सिमेंट ओतलं तर सगळ्यांचंच बंद होईल. कायमचं."

"माहीत आहे." काकूंनी कात्री उगाच उघडली, मिटली. "पण फळी लावली तर ह्यांचं आजच बंद होतं. आणि डॉक्टर म्हणाले, मोसम संपेपर्यंत काही…" त्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

गॅरेजवाल्याने चपला पायात सरकवल्या.

"वाळवी फारच माजलीय तुमच्याकडे," तो म्हणाला आणि निघून गेला.

दुपारी नगरपालिकेच्या ओव्हरसियर बाई आल्या तेव्हा खिंड बंद होती. खाली सहा फळ्या, आणि सातवीच्या जागी भंगारातल्या जुन्या बसची जाड, सपाट काच. मापात कापलेली, कडेने रबर, मागून दोन लोखंडी पट्ट्या. सगळी गल्ली आजूबाजूला उभी होती, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"सातवी फळी," गॅरेजवाला म्हणाला.

"ही काच आहे."

"वाळवी लागत नाही, मॅडम. आणि बसची आहे, ऐंशीच्या वेगात पाऊस झेललाय तिने."

"त्या बसला चाळिसाच्या वर कोणी बघितलं नाही," मागून बेकरीवाला पुटपुटला.

बाईंनी टँकरचा पाइप मागवला, पलीकडून काचेवर जोरात पाणी सोडायला लावलं आणि अलीकडून हात फिरवून बघितला. हात कोरडा. मग काचेतून समुद्र बघितला. मग मागे वळून, काचेच्या सरळ रेषेत काय आहे ते बघितलं: एक खिडकी, खिडकीत एक उशी, उशीवर एक चेहरा. चेहऱ्याने बाईंना हात केला.

बाईंनी हेल्मेट काढून डोकं खाजवलं.

"मला पाणी थांबायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "थांबतंय." आणि पुढच्या गल्लीकडे निघाल्या.

संध्याकाळी काकू पलंगाशी आल्या. "दिसतोय ना नीट?"

काकांनी एक डोळा मिटला, लाकडाची कड तपासताना मिटायचे तसा.

"गाढवाने सूतभर वाकडी बसवलीय. समुद्र उजवीकडे कललाय."

"मग, उतरवायला सांगू?"

"आता राहू दे. पुढच्या मोसमाला मी जाऊन सरळ करतो."

मशीनजवळचा चिंध्यांचा ढीग उपसून काकूंनी कापडाचा एक तुकडा काढला, त्याच्या घड्या घातल्या, आणि वाकून पलंगाच्या उजव्या पायाखाली सारला.

"आता?"

काकांनी पुन्हा एक डोळा मिटला.

"अजून थोडं," ते म्हणाले.

काकूंनी कापड ओढून काढलं आणि त्याला आणखी एक घडी घातली.